घरातल्या माजी सैनिकाची म्हातारपणची सेवा : पेन्शनमधून खर्चाला काय मिळते आणि ते कसे मागायचे

"फौजी माणूस, त्याला पेन्शन आहे, त्याला काय कमी?" हे वाक्य सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत सहज ऐकू येते. माणूस चालता-फिरता असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरेही असते. पण अर्धांगाचा झटका येतो, खुब्याचे हाड मोडते किंवा विसरभोळेपणा इतका वाढतो की आजोबांना एकटे सोडता येत नाही. मग दिवसाची बाई, रात्रीचा मदतनीस, डायपर, फिजिओथेरपी असा खर्च सुरू होतो. तो महिन्याच्या महिन्याला येतो आणि वर्षानुवर्षे चालतो. अशा वेळी घरातली माणसे विचारतात, यासाठी सरकारची काही योजना आहे का?

'दीर्घकालीन सेवेचा खर्च' अशा नावाची एकच योजना आपल्याकडे नाही. पैसे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत : वयानुसार वाढणारे पेन्शन, शंभर टक्के अपंगत्व असलेल्यांना मिळणारा मदतनीस भत्ता, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले उपचार आणि ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत. प्रत्येकाचा नियम वेगळा आणि कागद वेगळे. यातले बरेचसे कागद आजारपण येण्याच्या आधी लावून ठेवावे लागतात. आजोबा स्वतःच्या हाताने सही करू शकतात तोवर यातली अर्धी कामे एका दुपारची असतात. सही थांबली की त्याच कामांना महिने लागतात.

आधी दोन आकडे काढा

कागदाला हात लावण्यापूर्वी वहीत दोन आकडे लिहा. आजोबांचे आजचे पेन्शन किती, हा पहिला. ते गेल्यावर आजींना किती मिळेल, हा दुसरा.

हा दुसरा आकडा फार थोड्या घरांत कुणी काढून ठेवलेला असतो. बहुतेक घरांत नवरा वयाने मोठा असतो. तो आधी जातो आणि बायको पुढे पाच, दहा, कधी पंधरा वर्षे मागे राहते. तिची सेवा करायला नवरा नसतो, म्हणून मदतनीस ठेवावाच लागतो. आणि नेमके तेव्हाच पेन्शन सर्वांत कमी झालेले असते.

समजा एका हवालदारांचे मूळ पेन्शन २४,००० रुपये आहे आणि त्यांचे वय ९१ आहे. वयाची वाढ ४० टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. दोन्ही मिळून ३३,६००. त्यावर महागाई मदत येते. १ जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्क्यांचा दर धरला तर महिन्याला सुमारे ५३,००० रुपये झाले. ते गेल्यावर आजींना साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते ढोबळ मानाने नवऱ्याच्या मूळ पेन्शनच्या ६० टक्के असते. म्हणजे १४,४००. वयाची वाढ आता आजींच्या वयावर मोजली जाते. त्या ७८ वर्षांच्या असतील तर ती वाढ शून्य. महागाई मदत धरून हातात येतात सुमारे २२,७५० रुपये. एका महिन्यात ५३ हजारांचे २३ हजार होतात.

म्हणून मदतनीस ठेवताना, घराची डागडुजी काढताना किंवा नातवाच्या शिक्षणासाठी कर्ज घेताना हिशोब आजोबांच्या पेन्शनवर मांडू नका. तो आजींच्या आकड्यावर मांडा. आजोबा आहेत तोवर दर महिन्याला जी शिल्लक पडते ती आजींच्या नावाने बाजूला ठेवता आली तर तीच पुढे त्यांच्या सेवेची रक्कम होते.

पीपीओ उघडून नीट वाचा

पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, हा सगळ्याचा पाया आहे. जुना पीपीओ बहुधा ट्रंकेत डिस्चार्ज बुकाच्या आत घडी घालून ठेवलेला असतो. आता संरक्षण विभागाचे पेन्शन बँकेऐवजी 'स्पर्श' या प्रणालीतून येते, त्यामुळे स्पर्शच्या खात्यात लॉगिन केले की ई-पीपीओ आणि महिन्याची पेन्शन स्लिप दिसते. घरात लॉगिन कुणाला जमत नसेल तर गावातल्या सीएससी केंद्रात किंवा जवळच्या स्पर्श सेवा केंद्रात करून घ्या. पासवर्ड आणि मोबाईलवर आलेला ओटीपी मात्र घरातल्याच एका विश्वासाच्या माणसाकडे राहू द्या.

पीपीओत पुढच्या गोष्टी तपासा.

आजोबांची जन्मतारीख. जुन्या पीपीओंमध्ये ती कधी नसते, कधी फक्त वर्ष असते. स्पर्शमध्ये ती चुकीची चढली असेल तर ऐंशीव्या वर्षीची वाढ आपोआप सुरू होणार नाही.

आजींचे नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती, आणि बऱ्याच घरांत अजून आहे. आजोबा भरती झाल्यावर लग्न झाले, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या युनिटमधल्या कागदात, माहेरचे नाव गेले आणि पुढची पन्नास वर्षे आजी सासरच्या नावाने जगल्या. आधारवर शांताबाई, रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कचेरीत, हौसाबाई. आजोबा हयात असताना ही दुरुस्ती त्यांच्या अर्जावर होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा पुरावा आणि एकत्र फोटो एवढ्यावर बहुतेक काम भागते. आजोबा गेल्यावर हेच सिद्ध करण्याची जबाबदारी एकट्या आजींवर येते, आणि ते होईपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन अडकून राहते.

आजींची जन्मतारीख. ती पीपीओत नसेल तर आजींची वयवाढ कधी सुरू करायची हे यंत्रणेला कळणारच नाही. पॅन कार्ड, पासपोर्ट, शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र यांपैकी जे असेल ते लावा. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांच्या आधारवर १ जानेवारी हीच जन्मतारीख आहे, कारण नोंदणीच्या दिवशी खरी तारीख कुणाला सांगता आली नाही. सगळ्या कागदांवर एकच तारीख असणे महत्त्वाचे आहे. दोन कागदांवर दोन वर्षे असतील तर आधी ते मिटवा, मगच अर्ज करा.

दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला. नौदलाच्या खलाशांचे काम मुंबईत मानखुर्दला होते. हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कला लिहावे लागते. अर्ज कुठला, सोबत काय जोडायचे हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक सांगतात. हे कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या गावीच असते आणि या कामाचे पैसे घेत नाही. बाहेर कुणी "अमुक टक्के द्या, पेन्शन वाढवून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

याच फेरीत पेन्शनचे बँक खाते आजी-आजोबांचे संयुक्त करून घ्या. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात पेन्शन चालते. आजोबा अंथरुणाला खिळल्यावर औषधासाठी पैसे काढायला अडचण येत नाही आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच खात्यात सुरू होऊ शकते.

वयाप्रमाणे वाढणारे पेन्शन

ही वाढ सहाव्या वेतन आयोगापासून आहे आणि सेवेच्या खर्चाला सर्वांत मोठा हातभार तिचाच लागतो, कारण आजारी असण्याची किंवा काही सिद्ध करण्याची अट तिला नाही. फक्त वय लागते. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. साध्या शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना, आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजींनाही.

टक्के नेहमी मूळ पेन्शनवर मोजतात, आधीच्या वाढीत मिळवून नव्हे. म्हणजे ८५ व्या वर्षी २० अधिक ३० असे ५० होत नाहीत, २० च्या जागी ३० होतात. या वाढीव रकमेवर महागाई मदतही मिळते, आणि तिचा दर जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. ज्या महिन्यात ८० पूर्ण होतात त्या महिन्याच्या एक तारखेपासून वाढ लागू होते. वाढदिवस २० ऑगस्टला असेल तर वाढ १ ऑगस्टपासून.

त्या महिन्याची पेन्शन स्लिप हातात घेऊन बघा. वाढ दिसत नसेल तर स्पर्शमध्ये तक्रार टाका, वयाचा पुरावा जोडा. मागची थकबाकीही मागा. मात्र थकबाकीच्या बाबतीत फार वर्षे गप्प बसू नका, त्याचे कारण शेवटी सांगितले आहे.

मूळ पेन्शनच कमी लागले असेल तर त्यावरचे सगळे टक्के कमी लागतात. वन रँक वन पेन्शनचे, म्हणजे सारखी रँक आणि सारखी सेवा असलेल्यांना सारखे पेन्शन या नियमाचे, दर १ जुलै २०२४ पासून पुन्हा बदलले. आजोबांची रँक, ग्रुप आणि सेवेची वर्षे धरून त्या तक्त्यातला आकडा आणि स्लिपवरचा आकडा एकदा जुळवून पाहा. सेवेची वर्षे एखाद्या अर्ध्या वर्षाने कमी नोंदली गेली असतील तरी तक्त्यातली ओळ बदलते.

मदतनीस भत्ता कुणाला मिळतो, कुणाला नाही

इंग्रजीतले त्याचे नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. नावावरून वाटते की मदतनीस ठेवला की हा भत्ता मिळेल. तसे नाही, आणि यात फार घरांची निराशा होते, म्हणून नियम नीट समजून घ्या.

हा भत्ता अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांसाठी आहे. सेवेमुळे झालेले म्हणून मान्य झालेले अपंगत्व १०० टक्के असले पाहिजे, आणि सतत मदतनीस लागतो अशी वैद्यकीय मंडळाची शिफारस पाहिजे. मदतनिसाची गरज त्याच मान्य झालेल्या अपंगत्वातून आलेली असली पाहिजे. सीमेवर पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचा भाग गेलेला जवान यात बसतो. साधे सेवा पेन्शन घेणाऱ्या सुभेदारांना ८२ व्या वर्षी अर्धांगवायू झाला तर ते बसत नाहीत, मग त्यांना कितीही सेवा लागो. मला स्वतःला हा नियम अपुरा वाटतो, कारण दोघांच्याही घरात रात्री उठून कूस बदलणारे हात तितकेच लागतात. पण आज नियम असा आहे आणि अर्ज त्याला धरूनच करावा लागेल.

रक्कम १ जुलै २०१७ पासून महिन्याला ६,७५० रुपये ठरली. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की ही रक्कम २५ टक्क्यांनी वाढवण्याची पद्धत आहे. सहाव्या आयोगाच्या काळात ३,००० ची ४,५०० अशीच दोन वाढींत झाली होती. महागाई भत्ता जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा ज्यांना हा भत्ता चालू आहे त्यांनी स्लिपवरचा आकडा वाढला आहे का ते पाहावे, आणि नसेल तर स्पर्शमध्ये लेखी विचारावे. रुग्ण सरकारी रुग्णालयात किंवा संस्थेत दाखल असेल त्या काळाचा भत्ता मिळत नाही, म्हणून दाखल झाल्याच्या आणि घरी सोडल्याच्या तारखांचे कागद जपून ठेवा.

आता ज्यांना अपंगत्व पेन्शन आहे पण टक्केवारी कमी आहे, त्यांच्यासाठी. तरुणपणी ६० टक्के धरलेली पायाची जखम उतारवयात पूर्ण लोळवते, असे घडते. कायमचे म्हणून ठरलेले अपंगत्व मंडळ स्वतःहून पुन्हा तपासत नाही. माजी सैनिकाने स्वतः अर्ज केला तरच फेरतपासणी होते. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा. त्यात त्रास वाढल्याचे ताजे वैद्यकीय कागद लावायचे आणि वाढलेला त्रास हा जुन्या मान्य अपंगत्वाचाच आहे, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्यायचे. "वयोमानाने" असा शब्द त्या कागदावर आला की अर्ज तिथेच लंगडा पडतो. मंडळापुढे जाताना सोबत घरातले माणूस न्या. पुष्कळ फौजी मंडळापुढे ताठ बसतात आणि "सब ठीक है साहेब" म्हणून येतात. जेवण कोण भरवते, संडासला कोण नेते, रात्री किती वेळा उठावे लागते, हे सोबतच्या माणसाने सांगावे.

पाठीच्या कण्याची इजा असलेल्या सैनिकांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. ते १९७४ पासून चालते आणि तिथे राहण्याची, उपचारांची, काम शिकण्याची सोय आहे. दुसरे तसे केंद्र मोहालीला आहे. घरी सांभाळणे खरोखर अशक्य झाले असेल तर तिथे चौकशी करण्यात कमीपणा मानू नका.

ईसीएचएस : मदतनिसाचा पगार नाही, पण बाकी पुष्कळ काही

एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्यूटरी हेल्थ स्कीम १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्यानंतर निवृत्त झालेल्यांना ती लागूच आहे. आधी निवृत्त झालेल्या काहींनी ती घेतली नाही आणि ते दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेत राहिले. तरुण आणि ठणठणीत असताना तो हिशोब बरा वाटला असेल. ऐंशीच्या घरात एका खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे त्या हजाराचे काही मोल राहत नाही. तुमच्या घरी अजून ईसीएचएसचे सदस्यत्व नसेल तर ते आधी घ्या. एकदाच भरायची वर्गणी हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरगती मिळालेल्यांच्या पत्नींना ती माफ आहे. आज जे ऐंशीच्या पुढे आहेत त्यांच्यातले बहुतेक १९९६ पूर्वीच निवृत्त झालेले, म्हणजे त्यांना काही भरावेच लागत नाही.

घरी ठेवलेल्या बाईचा किंवा मदतनिसाचा पगार ही योजना देत नाही. पण रुग्णालयातला खर्च, औषधे, शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञांनी लिहून दिलेली उपकरणे तिच्यातून मिळतात. श्रवणयंत्र, घरी लागणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत श्वास अडणाऱ्यांचे सीपॅप यंत्र ही त्यातली नेहमी लागणारी. उपकरण आधी विकत घेऊन मागाहून बिल लावू नका. पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यातून, तज्ज्ञाकडे, तज्ज्ञाची शिफारस, मंजुरी आणि मग खरेदी, हा क्रम पाळा. औषधांवर महिन्याला जे चार-पाच हजार खासगी दुकानात जातात ते पॉलिक्लिनिककडे वळवले तर तेवढे पैसे मदतनिसाकडे वळवता येतात. पेन्शन आणि ईसीएचएस यांचा खरा मेळ असा बसतो.

तातडीच्या वेळी ईसीएचएसच्या यादीतल्या रुग्णालयात थेट दाखल करा, कार्ड दाखवा, बाकीचे ते रुग्णालय पाहते. यादीबाहेरच्या रुग्णालयात न्यावे लागले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. हे कळवणे राहिले म्हणून बिले परत आलेली घरे आहेत. रात्री कोण फोन करणार हे आधीच ठरवून ठेवा आणि तो नंबर फ्रीजवर चिकटवा.

आजोबा गेल्यावर आजींचे कार्ड 'अवलंबित' वरून 'मुख्य सदस्य' असे बदलून घ्यावे लागते. दुःखाच्या दिवसांत हे मागे पडते आणि पुढच्याच आजारपणात रुग्णालयाच्या खिडकीवर अडते.

ज्यांना पेन्शनच नाही

१९६२ नंतरच्या घाईत भरती झालेले, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी घरी पाठवलेले, असे कितीतरी जवान आज ऐंशीच्या आसपास आहेत. युद्ध पाहिले, पण पेन्शन नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडून रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून 'पेन्युरी ग्रँट' मिळते. अटी अशा : हवालदार किंवा त्याखालची रँक, वय ६५ च्या पुढे, लष्कराचे पेन्शन नाही, आणि परिस्थिती गरजेची. अशा जवानाच्या विधवेलाही मिळते. ही मदत महिन्याला ४,००० रुपये होती, ती १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ८,००० झाली आहे. अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तपासून पुढे पाठवायचा. डिस्चार्ज बुक हा मुख्य पुरावा. पुरात, स्थलांतरात ते हरवले असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून सेवेचा दाखला मागवता येतो, त्याला सैनिक क्रमांक लागतो. जुनी पत्रे, पदकांच्या कडा, फोटोच्या मागची बाजू पाहा. पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले असते.

कर्करोग, डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया अशा गंभीर आजारांसाठी पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना याच बोर्डाची वेगळी मदत आहे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

तुमच्या गावात असे एखादे आजोबा असतील तर त्यांना ही माहिती स्वतः जाऊन सांगा. पेन्शन नाही म्हणजे आपला हक्कच नाही, असे धरून बसलेली ही माणसे असतात. ती स्वतःहून विचारायला येत नाहीत.

अंथरुणाला खिळल्यावर सही आणि हयातीचा दाखला

पेन्शन चालू ठेवायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. ८० च्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. आजोबांना उचलून कुठे नेण्याची गरज नाही. 'जीवन प्रमाण' आता मोबाईलवर चेहरा ओळखूनही होते, आणि बोटांचे ठसे झिजलेल्या शेतकरी-फौजींना तेच सोपे पडते. पोस्टमन घरी येऊनही करून देतो, त्याचे ७० रुपये पडतात.

दाखला भरताना एक ठिकाण नीट बघा. स्पर्शमधून पेन्शन येत असेल तर पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडायची नाही, 'स्पर्श - पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद' हेच निवडायचे. बँक निवडली की दाखला तयार होतो, संदेशही येतो, पण तो स्पर्शला पोहोचत नाही आणि पेन्शन थांबते.

बँकेतून पैसे काढताना सही जमत नसेल तर अंगठा चालतो. अंगठाही लावता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत विनंती करून अधिकाऱ्याला घरी बोलावता येते. ही सूचना काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असतेच असे नाही, म्हणून थेट शाखा व्यवस्थापकांना भेटा.

विसरण्याचा आजार असेल तर प्रश्न वेगळा आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याचे भान गेले की आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे ते मुखत्यारपत्र संपते. आधी केलेलेही पुढे चालत नाही. पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागू शकते आणि ते लांबचे काम आहे. म्हणून निदान नुकतेच झाले आहे, आजोबांना अजून कळते आहे, त्याच काळात संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि इच्छापत्र उरकून घ्या.

मागे राहणारे मूल, आणि सेवा करणारी लेक

घरात मतिमंद किंवा अपंग मूल असेल तर त्याला आई-वडिलांच्या मागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे स्वतःचे उत्पन्न साध्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, महागाई मदत धरून, कमी असले पाहिजे. नोंद आजोबा हयात असतानाच पीपीओत घालून घ्या : सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, आणि मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व. आई-वडील गेल्यावर भावाबहिणींना हे सगळे शून्यातून उभे करावे लागते.

आणि दुसरी ती लेक, जिच्या खांद्यावर बहुतेक घरांतली सेवा असते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असून आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीलाही, आई-वडिलांनंतर आणि धाकट्या पात्र मुलांनंतर, हे निवृत्तिवेतन मिळते. वैधव्य आई-वडिलांच्या हयातीत आलेले असले पाहिजे, घटस्फोट निदान त्यांच्या हयातीत न्यायालयात दाखल तरी झालेला असला पाहिजे. सासर सुटून पंधरा वर्षे झाली पण कोर्टाची पायरी चढलीच नाही, अशा मुली यातून बाहेर राहतात. तुमच्या घरी असे असेल तर वकिलाकडे आजच जा. जी मुलगी आपली कमाई सोडून बापाची गादी बदलते आहे, तिच्या उद्याच्या भाकरीचा हा प्रश्न आहे.

अडले तर

आधी स्पर्शमध्ये तक्रार, तिचा क्रमांक लिहून ठेवा. उत्तर मिळाले नाही किंवा मोघम मिळाले तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर. संरक्षण विभागाच्या पेन्शन अदालती वेळोवेळी वेगवेगळ्या शहरांत भरतात, त्यांची तारीख जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळते. तिथेही न सुटल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. अपंगत्वाची टक्केवारी किंवा ते सेवेमुळे झाले की नाही, असे वाद बहुतेक तिथेच सुटतात.

तिथे जायला उशीर करू नका. २००८ च्या तरसेमसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाप्रमाणे, पेन्शनचा हक्क पुढे चालू झाला तरी मागची थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दहा वर्षे वाट पाहिली तर सात वर्षांचे पैसे गेले. प्रत्येक अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्या, पोस्टाने पाठवला तर रजिस्टर पावती जपा, आणि पीपीओ, डिस्चार्ज बुक, ईसीएचएस कार्ड, दोघांचे वयाचे पुरावे, बँक पासबुक यांच्या प्रतींसह हे सगळे एका फायलीत घालून ती फाईल कुठे आहे ते आजींना दाखवून ठेवा.